ऑक्टोबर, एक तळं, सात रात्री आणि तीन कार्प

गळकरी

शनिवारी दुपारी गळाने कार्प मासे धरायला तळ्यावर पोचलो आणि अंधार पडायच्या आत पाण्यात आठ किलो चारा ओतून मोकळा झालो. पुढचे तीन दिवस तीन रॉड आणि मी असे चौघं त्या चाऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. हालचाल शून्य.

तळं दक्षिण इंग्लंडमधलं आहे, नाव देत नाही. रेती-खडी काढून झालेली जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, साधारण १४ एकर. अशा तळ्यांना इकडे 'स्पेसिमेन लेक' म्हणतात. मासे मोजके, पण एकेक दांडगा. दिवसाला पंधरा-वीस मासे देणारी तळी वेगळी. इथे आठवडाभर बसून एकही न लागता घरी जाणारे लोक आहेत आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

खाणीचं तळं म्हणजे तळ सपाट नसतो. खडीचे बांध, मधे घळी, कुठे गाळ, कुठे पाणवनस्पतींची दाट रानं. वरून काही दिसत नाही. म्हणून आधी दोरीला नुसतं शिसं बांधून फेकायचं आणि हळूहळू ओढत आणायचं. खडीवरून येताना रॉडच्या टोकाला टकटक जाणवते, गाळातून लोण्यातून सुरी फिरल्यासारखं येतं, आणि रानात गेलं की अडकून बसतं. मला साधारण ५८ मीटरवर एका बांधाचा उतार सापडला, स्वच्छ खडी, पाणी अडीच मीटर. आनंद झाला. ऑक्टोबर महिना, थंडी पडायच्या आत मासे अंगावर चरबी चढवणार, म्हणजे जेवण मोठं वाढलं पाहिजे, असा हिशोब करून सगळं तिथेच ओतलं. उकडलेलं हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाचं बी, मका आणि बॉइल्या. बॉइली म्हणजे अंडी घालून पीठ मळून उकळत्या पाण्यातून काढलेली कडक गोळी.

हे जेवण जेवले कोण? वारकरी. म्हणजे ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी. रविवारी उजाडताच पंगत बसली. बुडी मारायची, गोळी घेऊन वर यायचं, ती शेजाऱ्याने हिसकावायची, त्यावरून भांडण. अडीच मीटर खोली त्यांना काहीच नाही. सोमवारी एक टेंच लागला, हिरवट, गुळगुळीत, दोन किलोच्या आत. मंगळवारी तोही नाही. थर्मामीटर दोरीला बांधून सोडला होता, शनिवारी पाणी १३.५ होतं ते मंगळवारी ११ वर आलं. रात्री आभाळ निरभ्र, उत्तरेचा वारा, बिव्हीच्या, म्हणजे माझ्या छोट्या तंबूच्या, कापडाला आतून पाणी सुटलेलं.

बुधवारी पहाटे वारा फिरला. नैर्ऋत्येचा, ऊबदार, ढग घेऊन आलेला. साडेसहाच्या सुमाराला चहा करत उभा होतो तेव्हा पार दुसऱ्या टोकाला, ईशान्येच्या कोपऱ्यात, एक कार्प खांद्यापर्यंत वर आला आणि आवाज न करता खाली गेला. दहा मिनिटांनी आणखी एक. माझ्यापासून चारशे मीटर लांब. आणि मी मात्र आठ किलोंच्या हिशोबाने बांधलेला.

चहा पिऊन होईपर्यंत स्वतःशी वाद घातला, मग सगळं गुंडाळलं. तंबू, खाट, रॉड, बॅटऱ्या, बादल्या, हातगाडीवर तीन खेपा. चिखल. दोन तास गेले. नव्या जागेवर मूठभर चारा प्रत्येक रॉडवर, बस्स.

गुरुवारी पहाटे ४:१० ला अलार्मने सलग किंचाळायला सुरुवात केली. कॉमन कार्प, २६ पौंड ४ औंस, म्हणजे ११.९ किलो. शुक्रवारी दुपारी एक मोठा लागला, थेट रानात घुसला, दोरी ताणून धरली आणि गळ सुटून परत आला. तो किती मोठा होता हे सांगत नाही, कारण सुटलेले सगळे मोठेच असतात. शुक्रवारी संध्याकाळी १९ पौंडांचा, ८.६ किलो. आणि शनिवारी, निघायच्या दिवशी, उजाडता उजाडता मिरर कार्प, ३४ पौंड २ औंस. जवळजवळ साडेपंधरा किलो. पाठीवर एक ओळ मोठ्या खवल्यांची, बाकी अंग उघडं, ऑक्टोबरमध्ये येतो तसा गडद तांबूस रंग. हात थरथरत होते, थंडीने असेल.

तर मुद्दा एवढाच की सात दिवसांपैकी चार मी चाऱ्याच्या मागे घालवले, माशांच्या नाही. इथे आणखी कोणी कार्पवाले असतील तर त्यांचं मत ऐकायचं आहे.

तळ्यात_मळ्यात

लई भारी. फोटो टाका की राव.

गळकरी

माझ्या फोटोत मागची झाडं येतात. झाडांच्या रेषेवरून तळं ओळखणारे महाभाग इकडे आहेत. मालकाने सांगितलंय, प्रसिद्धी नको.

शेंडीबदक

मासेमारीतलं मला ओ का ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन बाळबोध प्रश्न. कार्प म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तोच का? आणि कॉमन, मिरर या वेगळ्या जाती आहेत का?

गळकरी

हो, तोच. सायप्रिनस कार्पिओ. कॉमन आणि मिरर एकच जात. कॉमनच्या अंगभर खवले असतात, मिररला थोडे आणि मोठे, आणि जवळजवळ खवलेच नसलेल्याला लेदर म्हणतात. माणसाने तळ्यात पाळून पाळून निवडलेली रूपं आहेत ही. इंग्लंडचा मूळ रहिवासीही नाही तो. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या लिखाणात कार्पचा उल्लेख आहे, देशात फार थोडे आहेत असा.

जुनाखोड

गळकरी, अभिनंदन, ३४ पौंड म्हणजे चेष्टा नाही. पण पहिल्या दिवसाबद्दल कान धरतो.

'शरद ऋतूत मासे भरपूर खातात' हे खरं, पण अर्धं. सप्टेंबरात पाणी १६-१७ असतं तेव्हा ते खरोखर खातात. कार्पला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलं की माल थेट आतड्यात. त्या आतड्याचा वेग पाण्याच्या तापमानावर चालतो, कारण माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार. तीन दिवसांत अडीच अंश उतरले म्हणजे त्याने जेवणाची वेळच पुढे ढकलली. आठ किलो तसेच पडून राहिले असणार, किंवा तुझ्या वारकऱ्यांनी नेले.

आणखी एक. गार पाण्यात तेलकट गोळी घट्ट होते, वास बाहेर सुटत नाही. ऑक्टोबरनंतर मी तेल कमी करतो आणि पाण्यात विरघळणारं काही वापरतो. हेम्प मात्र कधीही चालतं. चोवीस तास भिजवून, फुटेपर्यंत उकळून. टायगर नट (एक छोटा कंद) हाही नीट भिजवून-उकळूनच. कोरडं बी माशाच्या पोटात जाऊन फुगलं तर मासा मरतो. बऱ्याच तळ्यांवर घरून शिजवून आणलेलं बी आणायला बंदी असते ती याचमुळे.

गळकरी

कान धरले. तेलाचं लक्षातच आलं नाही. माझ्या गोळ्या मासळीच्या पिठाच्या आणि वरून तेलात मुरवलेल्या होत्या.

एक विचारतो. मंगळवारी पाण्याला किंचित कुबट वास येत होता. तळं 'उलटलं' असेल का? शरदात वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि तळचं सडकं पाणी वर येतं, मग मासे बंद पडतात, असं तळ्यावरचे सगळे सांगतात.

भौतिकवाला

गळ कधी हातात धरला नाही, पण इथे थोडं बोलता येईल.

पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना. उन्हाळ्यात वर गरम हलकं पाणी आणि खाली गार जड पाणी असे थर होतात, शरदात वरचा थर गार होत होत खालच्याइतका जड झाला की वारा सगळं घुसळून टाकतो. हे खरं. पण त्यासाठी आधी थर टिकायला हवेत, आणि त्याला खोली लागते. तुमचं तळं किती खोल?

गळकरी

सगळ्यात खोल घळ चार मीटर. बाकी दोन-तीन.

भौतिकवाला

मग मला शंका आहे. इंग्लंडसारख्या वाऱ्याच्या देशात १४ एकरांचं उघडं, तीन मीटरचं तळं उन्हाळ्यातसुद्धा वारंवार घुसळलं जात असणार. शांत, कडक उन्हाच्या आठवड्यात थर होतील, पुढच्या वाऱ्यात मोडतील. ऑक्टोबरपर्यंत मोठा थर टिकून एके दिवशी उलटला, हे चित्र खोल तळ्याचं आहे. कुबट वास मरणाऱ्या पाणवनस्पतींचा असू शकतो. त्या सडताना प्राणवायू खातात, पण गार पाण्यात तो जास्त मावतोही. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, १० अंशांना ११ च्या वर. म्हणजे मासे गुदमरून बंद पडले असंही नसावं.

जुनाखोड

वासाचं पटतं. तरी चाळीस वर्षांत ऑक्टोबरात आठ-दहा दिवस अख्खं तळं मेल्यासारखं झालेलं मी पाहिलंय. कारण काही का असेना. आणि हवेचा दाब उतरला की ते सुरू होतात, हेही पाहिलंय. बुधवारी याचं तेच झालं.

भौतिकवाला

दाबाचं तर अजिबात पटत नाही. ३० हेक्टोपास्कल उतार म्हणजे चांगलं मोठं वादळ. तेवढा फरक पाण्यात फक्त ३० सेंटिमीटर वरखाली झालं तरी पडतो. जो मासा दिवसभर तळापासून पृष्ठभागापर्यंत ये-जा करतो त्याला तो कसा कळणार? दाबासोबत जे येतं ते बघा. ढग, ऊबदार वारा, लाटा, गढूळपणा. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने वरचं पाणी ईशान्येच्या कोपऱ्यात ढकललं, बरोबर तुमचे मासे तिथेच दिसले.

जुनाखोड

म्हणजे मासे सुरू होतात हे कबूल, फक्त बॅरोमीटरला श्रेय द्यायचं नाही. ठीक आहे. मी बॅरोमीटर बघतच राहणार, तुम्ही वारा बघा, एकाच दिवशी तळ्यावर भेटू.

तळ्यात_मळ्यात

+१ 😄

पानगळ

मी जरा विरस करते. मासा खायचा नाही, विकायचा नाही. त्याच्या ओठात गळ अडकवायचा, दमेपर्यंत ओढायचं, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. यात माशाचं काय भलं? खाण्यासाठी पकडणारा मला समजतो. हा खेळ समजत नाही.

गळकरी

प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, जे आहे ते देतो.

नेऊन खाणं इथे शक्यच नाही. खासगी तळ्यातला मासा मालकाच्या परवानगीशिवाय नेणं हा चोरीविषयीच्या १९६८ च्या कायद्याने गुन्हा. जिवंत मासा एका तळ्यातून दुसरीकडे हलवायलाही परवाना लागतो, रोग पसरतात म्हणून. कार्पच्या हर्पिस विषाणूचा प्रादुर्भाव दिसला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे जाळी, स्लिंग (मासा तोलायची झोळी) सगळं वाळवून मगच पाण्याजवळ न्यायचं.

आणि काळजी घेतात, खरंच घेतात. मासा आडवा ठेवायला जाड, ओली गादी. हात ओले. उभं राहून मासा उचलायचा नाही, गुडघ्यावर बसूनच, गादीच्या वर वीतभर. गळाच्या जखमेवर जंतुनाशक. म्हणूनच यातले काही मासे वयाच्या पन्नाशीच्या घरात पोचतात. केंटमधल्या कॉनिंगब्रूक तळ्यात 'टू-टोन' नावाचा मिरर होता, ६७ पौंड १४ औंस, त्या वेळचा ब्रिटनचा विक्रम. २०१० साली तो मेला तेव्हा त्याला तळ्याकाठी पुरला. वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागलेले लोक शोक करत होते.

पानगळ

नाव ठेवायचं, शोक करायचा आणि पुन्हा पुन्हा ओठात गळही घालायचा. तुम्हाला यात विसंगती दिसत नाही?

शिवाय 'माशाला दुखत नाही' हे आता म्हणता येत नाही. २००३ साली ब्रिटनमधल्याच संशोधकांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर, ओठांपाशी, इजा ओळखणारे चेतातंतू दाखवले.

गळकरी

दुखत नाही असं मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. विसंगती दिसते. तरी पुढच्या ऑक्टोबरची तारीख ठरवून ठेवली आहे. यापेक्षा प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नाही.

पानगळ

हे उत्तर मात्र आवडलं. पटलं नाही.

शेंडीबदक

पुन्हा बाळबोध प्रश्न. 'अलार्म किंचाळला' म्हणजे? तुम्ही रॉड हातात धरून बसत नाही? आणि मासा गोळी खाऊन थुंकून का देत नाही?

जुनाखोड

बाई, हे दोन प्रश्न बाळबोध नाहीत, सगळं शास्त्र या दोन प्रश्नांत आहे.

रॉड आडव्या काठीवर असतात, दोरी एका छोट्या यंत्राच्या चाकावरून जाते. मासा पळाला, चाक फिरलं, यंत्र ओरडलं. रात्री दोन वाजता झोपेतून उठून चपला न घालता धावायचं. विजेवरचा असा अलार्म रिचर्ड वॉकरने १९५० च्या दशकात वापरात आणला. हाच वॉकर १३ सप्टेंबर १९५२ ला हेरफर्डशरच्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प काढून बसला. त्याआधी मोठा कार्प गळाने काढणं जवळपास अशक्यच, असा समज होता. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत जगला, क्लॅरिसा नावाने. त्याच रेडमायरमधून १९८० साली ख्रिस येट्सने ५१ पौंड ८ औंसांचा काढला. एवढंसं तळं आहे ते, तीनेक एकर.

थुंकण्याचं. कार्प तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि गैर वाटलं तर फुंकून टाकतो, क्षणात. पूर्वी गोळी गळावरच खोचायचे, त्यामुळे टोक झाकलं जायचं आणि मासा सुटायचा. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गोळी गळावर न लावता गळाला बांधलेल्या एका केसावर लोंबती ठेवली. सुरुवातीला खरोखरचा केस. गळ उघडा, गोळी मोकळी. मासा फुंकतो तेव्हा गोळी बाहेर जाते आणि गळाचं टोक खालच्या ओठात रुततं. वर शिसं जड असतं, त्याच्या ओझ्याने गळ आत बसतो, मासा दचकून पळतो, अलार्म. हेअर रिग म्हणतात. त्यानंतर कार्पची मासेमारी पूर्वीसारखी राहिली नाही.

शेंडीबदक

एका केसाने! आता कळलं. धन्यवाद काका. (काका म्हटलं तर चालेल ना?)

जुनाखोड

चाळीस वर्षं सांगितल्यावर दुसरं काय म्हणणार तू.

तळ्यात_मळ्यात

परवाना वगैरे लागतो का हो? पुढच्या वर्षी तिकडे येणं होणार आहे.

गळकरी

इंग्लंडमध्ये १३ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला पर्यावरण खात्याचा रॉड परवाना लागतो, दोन रॉडचा वेगळा, तीनचा वेगळा. तळ्याचे पैसे त्याशिवाय. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदीचा काळ असतो. बहुतेक तळ्यांवरची ती सक्ती १९९५ साली उठली, तरी काही मालक स्वतःहून पाळतात. एक आठवडा येणार असाल तर आधी छोट्या तळ्यावर जा, स्पेसिमेनच्या फंदात पडू नका. सात दिवस वारकरी बघत बसाल.

जुनाखोड

गळकरी, मूळ मुद्द्याकडे येतो. तू म्हणतोस चार दिवस चाऱ्याच्या मागे गेले. मान्य. दिसलेल्या माशाकडे जावं, हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. पण आठ किलो चारा खडीच्या उतारावर, चार दिवस कोणी त्रास न दिलेला, आणि वर ऊबदार वारा सुटलेला. बुधवारी तू उठलास. मग तुझ्या त्या जागेवर पुढे कोणी बसलं का?

गळकरी

हा प्रश्न कोणी विचारू नये असं वाटत होतं.

बसला. गुरुवारी दुपारी एक जण आला, साठीचा, दोनच रॉड, सामान माझ्या निम्मं. शुक्रवारी रात्री त्याला ३८ पौंडांचा लागला आणि शनिवारी सकाळी २९ चा. दोन्ही त्याच उतारावरून. ३८ चा तोलायला त्याला मदत हवी होती म्हणून रात्री मला हाक मारायला आला. मीच स्लिंग धरली, मीच फोटो काढले. गादीवर ठेवल्यावर माशाने तोंडातून चिरडलेलं हेम्प आणि मका बाहेर टाकला.

जुनाखोड

हाहाहा. म्हणजे जेवण वाया गेलंच नाही. पंगत उशिरा बसली, एवढंच.

भौतिकवाला

म्हणजे हललात म्हणून तीन मिळाले, आणि हलला नसतात तर कदाचित ते दोन. यातून कुठलाच नियम निघत नाही.

तळ्यात_मळ्यात

त्या काकांना सांगितलंत की नाही, की पंगत तुमच्या खर्चाने होती?

गळकरी

मासा सोडल्यावर त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, मी तर मक्याचा एक दाणाही टाकला नाही, इथे माझ्याआधी कोणी बसलं होतं का, तुला काही माहीत आहे?

मी म्हटलं, नाही बुवा.